हार्डवेअरची हजेरी

पाटी आधी आली, कॉम्प्युटर नंतर आला आणि काम यायचं अजून बाकी होतं. असा उलटा क्रम मी जन्मात कधी ठेवला नव्हता. पण पेंटर पितृपक्षात रिकामा बसलेला, आणि नवरात्र लागलं की त्याला मंडपांची कामं. तो म्हणाला, "बाबूजी, अभी बनवा लो, फिर मैं हाथ नहीं आऊँगा." पितृपक्षात नवीन काही करू नये असं सरलेचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं. मी तिला समजावलं की पाटी रंगवणं वेगळं आणि पाटी लावणं वेगळं. त्यामुळे पाटी पलंगाखाली उताणी पडून राहिली आणि घटस्थापनेला मी ती दारावर ठोकली: 'वासुदेव टायपिंग व कॉम्प्युटर जॉबवर्क. वेळ दहा ते सहा. रविवारी बंद.' सुट्टीचा वार लिहिला की बाकीचे दिवस काम जोरात चालतं असा लोकांचा समज होतो.

मी इंदूरच्या एका कापड मिलच्या टाइम ऑफिसात होतो. टाइम ऑफिस म्हणजे गेटाला लागून असलेली ती खोली, जिथे येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी लागते. या नोकरीनं माणसाच्या नजरेचं वाटोळं होतं. लग्नाला गेलो तरी मी नवरीकडे न बघता घड्याळाकडे बघतो, आणि मुहूर्त टळला तर भटजींच्या नावापुढे मनातल्या मनात लाल फुली मारतो. एकाच्या नावानं दुसऱ्याला हजेरी मी कधी लावू दिली नाही. त्यापायी शिव्या खाल्ल्या, माझ्या सायकलची हवा वरचेवर निघायची, पण नियम म्हणजे नियम.

तर ती मिल बंद झाली. देशात सगळं खुलं होऊन राहिलंय असं पेपरात रोज छापून येत होतं. आमचं गेट तेवढं बंद झालं. पगार गेल्याचं दुःख सगळ्यांनाच झालं, मलाही झालं. पण त्याहून मोठं दुःख असं की सकाळी मला कुठे जायचंच नसे. सरला शाळेत शिकवायला जायची. ती निघाली की मी दाराला कडी लावायचो आणि ती परतली की काढायचो. मधल्या वेळात मी हजर की गैरहजर हे माझं मलाच ठरवता येत नसे.

म्हणून कॉम्प्युटर. विजय नगरकडे नव्या कंपन्यांची ऑफिसं उघडत होती आणि मिलवाल्यांची मुलं बायोडाटा घेऊन तिकडे धावत होती. तो बायोडाटा टाइप करून द्यायला कुणीतरी लागणारच. पुढची खोली, एक टेबल, एक खुर्ची, आणि दहा ते सहा मी हजर. मला एवढंच हवं होतं.

कॉम्प्युटर मी घेतला तो माझाच. म्हणजे मिलचाच, पण टाइम ऑफिसातला, माझ्या टेबलावरचा. मिल बुडायच्या आधी मॅनेजमेंटला आधुनिकीकरणाचा झटका आला होता. माग आजोबांच्या काळातले, छत गळकं, पण हजेरी मात्र कॉम्प्युटरवर! गेटाच्या भिंतीत एक पंचिंगचं घड्याळ बसवलं, तिथून एक जाड केबल माझ्या टेबलापर्यंत आणली आणि कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसली. कामगारानं घड्याळात आपलं कार्ड घातलं की माझ्या पडद्यावर त्याचं नाव उमटे. मशीनची पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. कापड निघायचं थांबलं तरी पुढे कितीतरी दिवस हजेरी बिनचूक निघत होती.

बंद पडल्यावर काही वर्षांनी मिलचं सामान लिलावात निघालं तेव्हा त्या कॉम्प्युटरवर कुणी बोली लावेना. मी लावली. कागदपत्रं घेऊन आणायला गेलो, बरोबर मिलमधले दत्तोपंत होते. गेटावर नवा दरबान. त्यानं पावती बघितली आणि म्हणाला, "माल बाहर ले जाना है तो गेटपास पे टाइम ऑफिस का ठप्पा लगेगा."

"टाइम ऑफिस तो मैं ही था," मी म्हणालो.

"था ना? तो जो है, उससे लगवाओ."

"अब कोई नहीं है भिया. मिल बंद है."

"मिल बंद है, गेट थोड़ी बंद है," तो म्हणाला. वास्तविक गेटच बंद होतं आणि तो त्याच्या आत उभा होता. पण मला त्याचा राग आला नाही. नियमाला धरून बोलणारा माणूस मला त्या आवारात फार दिवसांनी भेटला होता.

मग मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, लिलाव करणाऱ्या साहेबांच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाबूनं सांगितलं की ठप्पा टाइम ऑफिसच्या कपाटात आहे आणि कपाटाला सील आहे. सील तोडायचं तर टाइम ऑफिसच्या माणसाचा अर्ज हवा. मी अर्ज केला. त्यांच्या शिपायासोबत परत आलो, सील तोडलं, माझ्याच कपाटातून माझाच ठप्पा काढून माझ्याच पासावर मारला आणि माल सोडणारा म्हणून सही केली, माल घेणारा म्हणूनही सही केली. दरबानानं दोन्ही सह्या जुन्या नमुन्याशी ताडून बघितल्या आणि मान हलवली. "नहीं भिया. साइन मेल नहीं खा रही."

बरोबर होतं त्याचं. नमुन्यातली सही ठसठशीत, एका झटक्यात मारलेली. आताची थोडी कापरी. त्या कागदाकडे बघून मला एकदम अपमान झाल्यासारखं वाटलं आणि तो कुणी केला ते कळेना. शेवटी दत्तोपंत पुढे झाले. "अरे भिया, मैं गवाह हूँ. यही हैं. रोज मेरी हाजिरी यही लगाते हैं."

'लगाते थे' असं ते म्हणाले नाहीत. गेट उघडणाऱ्या दरबानाच्या ते लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

दत्तोपंत आमच्याच गल्लीत राहायचे. मिलमध्ये विणकाम खात्यात सुपरवायझर होते. पहिल्या पाळीला सात म्हणजे सात. त्यांच्यावरून मी टाइम ऑफिसचं भिंतीवरचं घड्याळ लावत असे. रजा त्यांनी कधी घेतली नाही. मुलीच्या लग्नातसुद्धा आदल्या दिवशी पाळी करून हळदीच्या पाटाशी आले, आणि त्यांच्या पत्नी कुमुदिनीवहिनी त्यावरून अजून टोमणे मारतात. मिल बंद झाली तेव्हा युनियननं सांगितलं होतं, रोज गेटावर येऊन हजेरी लावा, म्हणजे आम्ही काम सोडलं असं कुणाला म्हणता येणार नाही. सुरुवातीला सगळे जायचे. मग निम्मे. मग गेटावर सह्या घेणारंच कुणी राहिलं नाही. दत्तोपंत जात राहिले. सकाळी अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीतून सायकल काढायची, राजवाड्यावरून मिलच्या गेटाशी जायचं, थोडं उभं राहायचं आणि परत फिरायचं. येताना आमच्या ओट्याशी सायकलवरूनच एक पाय टेकून विचारायचे, "वासुदेवराव, लावली का?"

मी दात घासत असायचो. म्हणायचो, "लावली."

हे थट्टेनं सुरू झालं होतं. थट्टा केव्हा संपली ते मला सांगता येणार नाही. एकदा मी देवासला मेहुणीकडे गेलो होतो तर ते सरलेला विचारून गेले, आणि तिनं "लावून गेलेत हो" म्हटल्यावरच त्यांनी पॅडल मारलं. ज्यानं उभ्या जन्मात कुणाला खोटी हजेरी लावू दिली नाही, तो मी रोज सकाळी तोंडात पेस्टचा फेस घेऊन खोटी हजेरी लावत होतो.

कॉम्प्युटर त्यांच्याच सायकलीच्या कॅरिअरवर सुंभानं बांधून आणला. राजवाड्याच्या गर्दीतून दोन प्रौढ गृहस्थ सायकल ढकलत चाललेत, एकानं पोटाशी मॉनिटर धरलाय! "अंकल, टीवी कित्ते में दोगे?" असं एकानं विचारलं. मी पाय उचलला. दत्तोपंतांनी मात्र थांबून त्याला समजावलं, "टीव्ही नाही रे. टाइम ऑफिस आहे हे."

घरी टेबलावर सगळं मांडून झालं तेव्हा त्यांनी खिशातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत त्यांचं पंचिंगचं कार्ड. कोपरेसुद्धा दुमडलेले नव्हते. म्हणाले, "आता तोंडी नको वासुदेवराव. उद्या मिल उघडली की टाइम ऑफिस एकदम तयार. आपलं कार्ड पहिलं."

मला तेव्हाच काही बोलायला हवं होतं. मी चहा ठेवायला सांगायच्या निमित्तानं आत गेलो.

मशीन आतून कोरं होतं. लिलावाआधी त्यातलं सगळं पुसून टाकलेलं. बाजारातला दुकानदार म्हणाला, चोरून केलेली विंडोज टाकून देतो, सगळे तेच करतात. सगळे करतात म्हणून मी काही केलं असतं तर मिलमध्ये पुष्कळ लोकप्रिय झालो असतो. पुण्याला माझा भाचा हृषीकेश कॉम्प्युटर कंपनीत आहे. त्यानं लिनक्स नावाची सीडी पाठवली. "मामा, हे फुकट आहे आणि कायदेशीर आहे," तो फोनवर म्हणाला. हे दोन शब्द एका वाक्यात मी प्रथमच ऐकले.

पहिल्या दिवशी मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बरोबर दहाला पुढच्या खोलीत गेलो. सरलेनं जाण्याआधी मला डबा करून दिला. स्वयंपाकघर दहा पावलांवर, पण मी म्हटलं होतं ना, कामावर चाललो! तिनं पोळी-भाजी डब्यात भरली, वर सेव घातली, झाकण लावलं. तो डबा टेबलावर ठेवताना मला बरं वाटलं आणि का कोण जाणे, रडूही आलं.

सीडी घातली. पडद्यावर ओळी पळायला लागल्या आणि मग इंग्रजीत आलं: हार्डवेअर शोधत आहोत, कृपया थांबा. कृपया म्हटल्यावर मी थांबलो. खरं सांगायचं तर मला ते आवडलंच. ही हजेरीच होती की! मशीन आपल्या एकेका भागाचं नाव पुकारत होतं. कीबोर्ड? हजर. माऊस? हजर. पडदा? हजर. असं चार-सहा नावं झाली आणि पुकारणारा गप्प झाला. मी वाट बघितली. डबा खाल्ला. आणखी वाट बघितली. मग वीज गेली.

त्या वर्षी इंदूरला वीज अशी जायची की आल्यावर आश्चर्य वाटे. त्यामुळे मशीन अडकलं होतं की वीज गेली म्हणून राहिलं, हे कळायलाच पुष्कळ दिवस गेले. प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात, प्रत्येक वेळी तीच ओळ, तेच कृपया. पंखा फिरतोय, दिवा लुकलुकतोय, आणि मशीन ढिम्म. कुठलीही कळ दाबा, हूं नाही की चूं नाही.

गल्लीला बातमी लागली. समोरचे दिनानाथ रेल्वेत गार्ड होते, आता रिटायर. त्यांनी खोलीच्या मध्यावर उभं राहून चहूकडे बघितलं. "वासुदेवराव, मी सांगून राहिलो, दिशा चुकली तुमची. बिजलीची चीज आहे, आग्नेयेला पाहिजे. तुम्ही वायव्येला ठेवली तर चालेल कशी?" टेबल आग्नेयेला नेलं. तिथे प्लग नव्हता. वायर खोलीभर आडवी आली आणि तिला अडखळून दिनानाथच पडले. कुणी म्हणालं दमट हवा, डांबरगोळ्या ठेवा. कुणी म्हणालं नजर लागली, पाटी आधी लावायला नको होती. हे शेवटचं म्हणणारी सरला होती.

सगळ्यात मोठी पंचाईत सुनीताची. ती आमच्या खात्यातल्या एका कारकुनाची मुलगी, बी.कॉम. झालेली. पाटी वाचून आलेली पहिली गिऱ्हाईक. "काका, झालं का? मंगळवारी माझा इंटरव्यू आहे विजय नगरला." मी म्हणालो, मशीन गरम होतंय. दुसऱ्या दिवशी म्हणालो, थंड होतंय. तिसऱ्या दिवशी ती दारातूनच माझ्या चेहऱ्याकडे बघून परत गेली. तिसऱ्या वेळेला विचारायचीही गरज पडू नये, इतका माझा चेहरा बोलका झाला होता.

फोन दिनानाथांकडे होता. त्यांचा फोन खिडकीपर्यंत येई, आमचं मशीन दारापासून दिसे, मध्ये गल्ली. त्या शनिवारी संध्याकाळी अशी व्यवस्था झाली की पुण्याहून हृषीकेश बोलेल, दिनानाथ खिडकीतून ओरडून सांगतील, सरला ओट्यावरून आत सांगेल आणि मी कळा दाबेन. दिनानाथांनी आयुष्यभर हिरवं-तांबडं निशाण दाखवलेलं, त्यांच्या अंगात वीरश्री संचारली.

"हृषी म्हणून राहिला, शेवटचं कोणतं नाव आलं ते वाचा!"

"अहो, शेवटचं नाव वाचा म्हणतात!"

"काहीच नाही! नाव घ्यायच्या आधीच थांबतंय!"

हे तिकडे गेलं. तिकडून यायला वेळ लागला, कारण दिनानाथ मध्ये स्वतःचं मत घालत होते. दिशेचा मुद्दा त्यांनी पुण्याला माझ्या नावावर सांगितला. शेवटी निरोप आला: मशीन उघडा, आत खोचलेली सर्किटची कार्डं एकेक करून काढा. पडद्याचं सोडून सगळी. त्यातलं एखादं जुनं कार्ड असेल, लिनक्स त्याला हाक मारतं आणि ते नीट ओ देत नाही, म्हणून सगळंच अडतं. तेवढ्यात वीज गेली आणि पाठोपाठ सगळी गल्ली आपापल्या घरी गेली.

मी तसाच बसून राहिलो. कुठलं कार्ड ते मला मशीन न उघडताही माहीत होतं. ज्याच्यात गेटावरच्या घड्याळाची केबल खुपसलेली असायची तेच. केबल आता कुठल्या भंगारवाल्याकडे होती देव जाणे.

ते काढलं की माझं दुकान सुरू. आणि ते काढलं की हे टाइम ऑफिस राहत नाही. दोन दिवस मी दत्तोपंतांना सांगत राहिलो की सॉफ्टवेअरची गडबड आहे. ते समजुतीनं मान हलवायचे. "वेळ लागणारच. इतकी वर्षं बंद होतं."

सुनीता परत आली ती सोमवारी, डोळ्यांत पाणी आणून. रस्त्यावरच्या दुकानात तिचं नाव चुकीचं टाइप केलं होतं आणि दुकानदार बाहेरगावी गेला होता. इंटरव्यू दुसऱ्या दिवशी. मी तिला म्हणालो, संध्याकाळी ये. ती गेली आणि मी पेचकस घेऊन बसलो. दत्तोपंतांची झोपायची वेळ म्हणून मी दुपार निवडली होती. झाकण निघालं तेवढ्यात दारात चपला वाजल्या.

"उघडलंत?" दत्तोपंत शेजारच्या स्टुलावर टेकले. "बघू."

आत धूळ होतीच. पण धुळीपेक्षा जास्त होता कापूस. मिलच्या हवेत जो सतत उडत असायचा, पापण्यांवर बसायचा, डब्यातल्या भाजीत उतरायचा, तो बारीक तंतूंचा कापूस पंख्याला, तारांना, सगळ्याला चिकटून राहिला होता. दत्तोपंतांनी बोट घालून त्याचा एक पुंजका काढला, चिमटीत मळला आणि शर्टाच्या खिशात ठेवला, कार्डाच्या पिशवीशेजारी.

"मग, अडलंय कुठे?"

खोटं बोलायचं मी ठरवलं होतं. पण तो कापूस बघितल्यावर जीभ वळेना.

"हे कार्ड," मी बोट ठेवलं. "मशीन याला विचारतं, आहेस का? हे पुढे गेटावरच्या घड्याळाला विचारतं. घड्याळ नाहीये दत्तोपंत. म्हणून कुणीच उत्तर देत नाही. आणि उत्तर आल्याशिवाय मशीन पुढे सरकत नाही."

"म्हणजे वाट बघतंय."

"हो."

"किती वेळ बघेल?"

"बघतच राहील. थांबायचं त्याला कुणी शिकवलेलं नाही."

दत्तोपंत बराच वेळ त्या उघड्या पेटीत बघत होते. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. माझ्या मनात येत होतं, यांनी एकदा 'राहू दे' म्हणावं. पाटी काढून पलंगाखाली टाकतो, सुनीताला दुसरीकडे नेतो, रोज सकाळी लावली म्हणतो, माझं काय जातं? पण ते म्हणाले, "काढा."

"दत्तोपंत..."

"काढा हो. बिचाऱ्याला किती दिवस गेटावर उभं ठेवणार?"

स्क्रू गंजलेला होता. पेचकस सटकला, तेव्हा त्यांनीच दोन्ही हातांनी पेटी दाबून धरली. कार्ड निघालं. मी ते त्यांच्यापुढे केलं. त्यांनी हातात घेतलं नाही. मी ते पेपरात गुंडाळून खिडकीत ठेवलं.

वीज होती. सीडी घातली. ओळी पळाल्या, हजेरी सुरू झाली, आणि जिथे इतके दिवस अडत होतं ते ठिकाण मशीननं असं ओलांडलं की जणू तिथे कधी काही नव्हतंच. नावांमागून नावं आली, सगळी हजर. समोरून दिनानाथ धावत आले. "बघा! मी म्हटलंच होतं, आग्नेय!" सगळ्या गल्लीत सेव वाटली. सरला शाळेतून आली ती दारातच थांबली, मला खुर्चीत बसलेलं बघून तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. संध्याकाळी सुनीताचा बायोडाटा निघाला, नावासकट अचूक. एवढ्या गडबडीत दत्तोपंत अर्धा चहा ठेवून केव्हा गेले, ते कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर दात घासत उभा राहिलो. 'लावली' हा शब्द तोंडात तयार होता. दूधवाला गेला. शाळेच्या रिक्षा गेल्या. पेस्टचा फेस सुकला तरी सायकल आली नाही. मी चूळ भरली आणि तसाच त्यांच्याकडे गेलो.

दारात कुमुदिनीवहिनी उभ्या होत्या. सायकल आत भिंतीला टेकवलेली.

"वहिनी, दत्तोपंत आज..."

"घरातच आहेत. अंथरुणातून उठलेच नाहीत." त्या दारातून बाजूला झाल्या. "भावजी, इतकी वर्षं मी अन्नपूर्णेला हेच मागून राहिले होते, की यांचं ते गेटावर जाणं थांबू दे. आता थांबलं, तर माझ्याच्यानं बघवत नाही."

आत दत्तोपंत भिंतीकडे तोंड करून पडले होते. जागे होते. खुंटीवर धुतलेला शर्ट आणि त्याच्या खिशात ती प्लॅस्टिकची पिशवी.

"दत्तोपंत."

"कोण, वासुदेवराव?" ते वळले नाहीत. "घरापर्यंत यावं लागलं तुम्हाला."

"तुम्ही आला नाहीत म्हणून आलो."

"हं." त्यांनी पांघरूण वर ओढलं. मग म्हणाले, "आज माझी रजा लावा."

इतक्या वर्षांची सवय. पुढचा प्रश्न आपसूक तोंडातून गेला.

"कोणती लावू?"

"कोणत्या शिल्लक आहेत?"

"सगळ्या," मी म्हणालो. "तुमच्या सगळ्याच शिल्लक आहेत दत्तोपंत."

"मग सगळ्या लावून टाका," भिंतीकडे बघतच ते म्हणाले.

"लावल्या," मी म्हणालो.